गड्ड्याचा डबा, भगिनी मंडळ आणि ख्रिस्तातली मोकळीक

शेळगीकर:
सर्वांना सलाम.

जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्डा असतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर पाळण्यांपासून फुटाण्यांपर्यंत सगळं. आमच्या समोरच्या घरातल्या काकू पद्मशाली. यात्रेत त्यांच्याकडून आमच्याकडे डबा ठरलेला. यंदा हुग्गी होती, गव्हाची, वर खोबरं-खसखस, आणि अर्थात नैवेद्य दाखवलेली. बायकोने डबा घेतला, पोरांना वाट्या भरून दिल्या. नेमकी तेव्हाच प्रार्थना गटातली एक भगिनी घरी बसलेली. तिने वाटी बाजूला सारली, ते ठीक. पण रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर हाच विषय. बायकोला दोघी-तिघींनी बाजूला घेऊन समजावलं, म्हणजे काय ते कळलं असेलच.

आता माझा प्रश्न. गलतीकरांना पौल लिहितो की ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलं ते मोकळं राहण्यासाठीच, पुन्हा जुवाखाली मान घालू नका. रोमकरांत म्हणतो, पापाचं वेतन मरण, पण सार्वकालिक जीवन हे देवाचं कृपादान. वेतन कमवावं लागतं, दान मिळतं. मग अशा मिळालेल्या स्वातंत्र्याची हद्द कोण आखणार? पाळक? भगिनी मंडळ? की माझं मी?

याला जोडूनच दुसरी गोष्ट. आमच्या तरुण संघात सध्या म्हणतात की ज्याला अन्य भाषा (आत्म्याने भरून प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलणं) येत नाहीत त्याला आत्मा मिळालाच नाही. मला हे दोन्ही एकाच जातीचे प्रश्न वाटतात. देवाने दिलेल्या दानाचा ताबा माणसांकडे जातो तरी कसा?

अनुभव लिहा. भांडा, पण नीट भांडा.

कडकभाकरी:
मूळ मुद्दा राहिला बाजूला. हुग्गी उरली आहे का? मी जुळे सोलापुरात राहतो, दहा मिनिटांत पोचतो.

सात_रस्ता:
सलाम शेळगीकर. वहिनींना पायऱ्यांवर गाठायला नको होतं, ते बरोबर नाही. पण त्या भगिनींचं म्हणणं हवेतलं नाही हो. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय काढा. यरुशलेमेत सगळे वडील बसले, यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर नियमांचं ओझं घालायचं नाही असं ठरलं, आणि तरी मोजक्या गोष्टी टाळा म्हणून कळवलंच. त्यात मूर्तीला वाहिलेलं अन्न आहे. प्रकटीकरणात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना याच कारणावरून झापलंय. मोकळीक आहे, मोकाट सोडलेलं नाही.

माझ्या वडिलांनी मिलमध्ये असताना खंडेनवमीच्या पूजेचा पेढा कधी घेतला नाही. मित्र सगळे तेच, पंगत तीच, पेढा मात्र नाही. कुणी त्यांच्यावर रागावल्याचं मला आठवत नाही.

मास्तरीणबाई:
सात_रस्ता, दाखले बरोबर दिलेत, पण अर्धे. पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

करिंथ हे बंदराचं, पैशाचं, देवळांचं शहर. देवळात बळी दिलेल्या जनावरातलं बरंचसं मांस बाजारात विकायला येई. म्हणजे खाटकाकडून घेतलेलं मटण कुठून आलं हे गिऱ्हाइकाला कळायचं नाही. तिथल्या मंडळीत दोन तट पडले. एक म्हणे, मूर्ती म्हणजे काहीच नाही, देव एकच, खुशाल खा. दुसरे कालपर्यंत त्याच देवळात जाणारे. त्यांना घास गिळवेना. पौलाने काय सांगितलं ते पायरीपायरीने वाचावं. बाजारात विकतात ते खा, चौकशी करत बसू नका. विश्वास न ठेवणाऱ्या कुणी घरी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पानात वाढलेलं खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी म्हणून खाऊ नका. आणि देवळातल्या पूजेच्या पंगतीत मात्र बसायचं नाही, प्रभूचा प्याला आणि तो प्याला दोन्ही चालणार नाहीत. एका गावासाठी चार वेगळी उत्तरं दिलीत त्याने. आपल्याला एकच हवं असतं, म्हणजे भगिनी मंडळाच्या वहीत लिहून टाकता येतं.

आठव्या अध्यायात तर तो म्हणतो, माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. ही तंबी खाणाऱ्याला आहे. न खाणाऱ्याने खाणाऱ्यावर नजर ठेवावी असं त्यात कुठेही नाही, आणि रोमकरांच्या चौदाव्यात तर स्पष्टच सांगितलंय की न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. ही बाजू पायऱ्यांवर कुणी काढत नाही.

शेळगीकर:
बाई, पटलं. पण मग अडखळणारा म्हणजे कोण? आमची ती भगिनी जन्माने ख्रिस्ती, आजोबा पाळक. ती कशाने अडखळणार? तिला राग आला, ठेच लागली नाही. जो रागावतो तो दुर्बळ आणि त्याच्यासाठी सगळ्यांनी ताट बाजूला सारायचं, असं झालं तर मंडळी सर्वांत चिडक्या माणसाच्या ताब्यात जाईल.

मास्तरीणबाई:
अगदी. पौलाचा दुर्बळ भाऊ म्हणजे तुमचं बघून जो जुन्या भीतीकडे परत ओढला जाईल तो. तुमच्या गल्लीत असं कुणी नव्याने आलेलं असेल तर त्याच्यासमोर विचार करा. बाकी नाक मुरडणाऱ्यांची सोय पौलाने केलेली नाही.

नास्तिक_नाना:
तुमच्या घरच्या भांडणात पाहुणा म्हणून बोलतो. स्वातंत्र्य "दान" मिळतं हे मला मुळातच मान्य नाही. सोलापूरकराने तर हे म्हणूच नये. मे १९३०मध्ये गांधीजींना अटक झाली, इथे गोळीबार झाला, आणि मग काही दिवस या शहरात इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं. १२ मेला मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. तुमचा गड्डा आणि त्यांची पुण्यतिथी एकाच आठवड्यात येते. स्वातंत्र्य घ्यावं लागतं. वरून पडत नाही.

बार्शी_लाईट:
नाना, तुमचं बोलणं पौलाला फारसं खटकलं नसतं. तो करिंथकरांनाच लिहितो, तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात. घेणाऱ्याला फुकट मिळालं, याचा अर्थ कुणी काही मोजलंच नाही असा नाही. क्रूस कशासाठी मग? हुतात्मा चौकातून आपण रोज गाडी काढतो, त्या चौघांना आपण एक पैसा दिला नाही. आपल्यापुरतं ते दानच.

फिलेमोनाचं पत्र कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. एकच अध्याय आहे, चहा होईतो वाचून होतो. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम, मालकापासून दूर गेलेला, पौलाला तुरुंगात भेटतो आणि विश्वासात येतो. पौल त्याला पत्र देऊन परत पाठवतो आणि मालकाला लिहितो की आता याला गुलाम म्हणून नाही, भाऊ म्हणून घे. त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. मला त्यातलं हे आवडतं की पौल म्हणतो, मी तुला हुकूम करू शकलो असतो, पण करत नाही. तुझं चांगलं काम जबरीने नको, राजीखुशीने होऊ दे. अधिकार असलेला माणूस अधिकार खाली ठेवतो. आमच्या पंच कमिटीने हे पत्र फळ्यावर लिहून ठेवावं.

नास्तिक_नाना:
पण परत पाठवलंच ना गुलामाला? गुलामी मोडा असं कुठे लिहिलंय?

बार्शी_लाईट:
लिहिलेलं नाही. आणि अमेरिकेत गुलाम ठेवणाऱ्यांनी हेच पत्र दाखवून लाखो माणसं बांधून ठेवली, हेही खरं. त्याच देशात त्याच बायबलावर हात ठेवून गुलामीविरुद्ध लढणारेही होते. इथे तुम्ही मला पकडलंत असं वाटत असेल तर वाटू द्या.

तारेपलीकडचा:
मी बहुधा पहिल्यांदाच लिहितोय. आमचं घराणं सेटलमेंटचं, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीतलं. गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा. जन्मालाच गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं, रोजची हजेरी होती, बाहेर जायला पास. बरेच जण मिलमध्ये कामाला. १९५२च्या ३१ ऑगस्टला कायदा गेला, आम्ही विमुक्त झालो.

माझे आजोबा तेव्हा तरणेताठे. आई सांगते, कायदा गेल्यावरही ते संध्याकाळ झाली की हातातलं काम टाकून घराकडे निघायचे. बाजारात असोत की लग्नात. कुणी विचारलं तर म्हणायचे, हजेरी चुकली. हजेरी घेणारा कुणी उरला नव्हता. पुढे ते चर्चला जायला लागले, ते एका मिशनरी डॉक्टरीणबाईंमुळे. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू सभास्थानात यशयाचं पुस्तक उघडून वाचतो ना, बंदिवानांना सुटका जाहीर करायला मला पाठवलंय म्हणून, तो भाग आजोबा पाठ म्हणायचे. पण सहानंतर मात्र घरातच.

शेळगीकरांनी विचारलं दानाचा ताबा माणसाकडे कसा जातो. आमच्याकडे तो असा गेला होता. बाहेरून कुणी धरलेलं नव्हतं.

शेळगीकर:
तारेपलीकडचा, लिहीत राहा. यावर लगेच काही लिहावंसं वाटत नाही.

नगरची_माहेरवाशीण:
मी नगरची, सासर सोलापूर. मला या सगळ्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही याचं नवल वाटतं. आपल्यातल्या बहुतेकांच्या पणजीला गावात कुणी हातात ताट दिलं नव्हतं. पाणी वरून ओतायचे. ख्रिस्ती होण्यात पोटापाण्याचं कारण होतं, शिक्षणाचं होतं, आणि हेही होतं की प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा) सगळ्यांनी एका प्याल्यातून प्यायचं. आता समोरच्या घरातून स्वतःहून डबा येतो, स्टीलचा, त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला, आणि आपण म्हणायचं आम्हाला चालत नाही? विटाळ फक्त दिशा बदलून आला म्हणायचा.

लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. नवरा १८९५ला ख्रिस्ती झाला, त्यांनी बरीच वर्षं सोवळं सांभाळलं. एक दिवस विचार करता करता जात माणसाने केलेली आहे हे त्यांना उमगलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. कुणी शिकवायला आलं नव्हतं. मला तर हे दान बाकीच्या सगळ्या दानांच्या आधीचं वाटतं.

सात_रस्ता:
ताई, हा मुद्दा जिव्हारी लागला. पण न घेण्यात विटाळच असतो असं नाही. वडिलांनी पेढा नाकारला, ते ज्याच्या हातचा होता त्याच्याबरोबर रोज एका डब्यात जेवायचे. कारण पूजा होतं, माणूस नव्हतं.

भीमाकाठ:
अवांतर, पण जवळचं. स्वातंत्र्याची किंमत विचारणाऱ्यांनी जातीचा दाखला काढायला जावं. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १९५०चा. आधी फक्त हिंदू, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती झालेला दलित त्यात नाही. गावात लोक त्याला आधीचाच समजतात, स्मशान वेगळं ते वेगळंच, पण कागदावर तो मोकळा. त्यामुळे आमच्याकडे रविवारी एक नाव आणि कागदावर दुसरं, अशी घरं आहेत. त्यांना कुणी ढोंगी म्हणू नये.

वसईचा_पेद्रू:
जय ख्रिस्त! लांबून वाचतोय, मजा येतेय. आम्हा कॅथलिकांत दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या संस्काराच्या) वेळी पवित्र आत्म्याची सात दानं शिकवतात, यशयाच्या अकराव्या अध्यायातून आलेली. सुज्ञता, सामर्थ्य, परमेश्वराचं भय वगैरे. आमच्या वर्गात परीक्षेला हमखास यायची आणि मी हमखास सहाच लिहायचो. त्यात अन्य भाषा नाहीत, हे तरुण संघाला कळवावं.

आणि एक प्रोटेस्टंटांच्या घरचंच. ल्यूथरने १५२०मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलं त्याची सुरुवातच अशी की ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा धनी आहे, कुणाच्याही अधीन नाही; आणि तोच सगळ्यांचा चाकर आहे, सगळ्यांच्या अधीन आहे. आम्ही त्याच्याशी बऱ्याच बाबतीत भांडलो, या वाक्याशी भांडायचं कारण दिसत नाही.

कडकभाकरी:
"सगळ्यांचा चाकर" हे लग्नानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

होटगीरोड:
प्रेज द लॉर्ड. तरुण संघाच्या बाजूने कुणी नाही म्हणून मी. अन्य भाषांची इतकी टर उडवू नका. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ला संजीवन (आत्म्याने भरून जाण्याची लाट) आलं तेव्हा दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या तिथे. घरून टाकलेल्या, विधवा. त्या रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, हसत होत्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचं गाजलेलं संजीवन त्यानंतरचं, १९०६चं. म्हणजे पुण्याला जाताना ज्या स्टेशनावरून आपण जातो तिथे हे आधी घडलं. ज्या मुलीला आयुष्यात कुणी बोलू दिलं नाही तिच्या तोंडून आवाज बाहेर आला. याला स्वातंत्र्य नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मला स्वतःला भाषांचं दान आहे. मी सुतारकाम करतो, शिक्षण दहावी नापास. प्रार्थनेत शब्द संपतात तिथून ते सुरू होतं. एवढंच सांगू शकतो.

मास्तरीणबाई:
होटगीरोड, तुमचं दान तुमचं आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. मुलींबद्दल लिहिलंत ते फार मोलाचं. आक्षेप "नाही त्याला आत्मा नाही" या वाक्यावर. करिंथकरांच्या त्याच पत्रात पौल बाराव्या अध्यायात विचारतो, सगळेच भाषा बोलतात काय? उत्तर नाही असंच अपेक्षित आहे. आणि चौदाव्यात तो म्हणतो, मला तुम्हा सर्वांपेक्षा जास्त भाषा येतात, पण मंडळीत कळतील असे पाच शब्द मी दहा हजारांपेक्षा पसंत करीन. ज्याच्याकडे ते दान सर्वांत जास्त त्यानेच हे लिहावं.

रमाबाईंनी १८८३ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी वाद घातले. एका पुरोहितवर्गातून सुटून दुसऱ्याच्या हाती जायचं नाही, असा बाईंचा बाणा. त्यांच्या केडगावचं नाव घेऊन कुणी कुणाला आत्म्याचा दाखला देऊ-काढू नये.

कडकभाकरी:
पेंटेकॉस्टच्या दिवशी, शिष्यांवर आत्मा उतरला तेव्हा, वेगवेगळ्या देशांच्या लोकांना आपापल्या भाषेत कळलं म्हणे. आपल्या एसटी स्टँडवर रोज कळतं. कन्नडात शिवी, तेलुगूत उत्तर, उर्दूत मध्यस्थी आणि मराठीत पावती.

सिस्टर_नाईट_ड्युटी:
हसले. आता न हसण्याचं.

दानांबद्दल बोलतोय तर आरोग्याच्या दानाबद्दल बोला. मी नर्स आहे, ख्रिस्ती आहे, प्रार्थनेने बरं वाटतं यावर माझा विश्वास आहे. गेल्या उन्हाळ्यात एक मावशी आल्या, साखर ४००च्या वर, तोंडाला कोरड, अर्धवट शुद्धीत. एका मांडवातल्या सभेत त्यांना सांगितलं होतं, बरी झालीस, गोळ्या घेतल्यास तर अविश्वास ठरेल. गोळ्यांची पाकिटं स्टेजपुढच्या टोपलीत टाकून आल्या होत्या. वर "बी पेरा" म्हणून ₹५०००चं अर्पण. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "सिस्टर, माझा विश्वास कमी पडला का ओ?"

दान देवाचं, आणि ते पोचलं नाही तर चूक आजाऱ्याची. शेळगीकर, ताबा जातो तो असा.

होटगीरोड:
सिस्टर, हे चूकच. आमच्या मंडळीत गोळ्या बंद करा असं कुणी म्हटलं तर मीच उठून उभा राहीन. पण टोपलीवाल्यामुळे प्रार्थना बंद करू नका.

सिस्टर_नाईट_ड्युटी:
मी रोज रात्री वॉर्डात करते. इन्सुलिन देऊन झाल्यावर.

सात_रस्ता:
मूळ प्रश्नावर येतो. माझं मत बदललेलं नाही, नैवेद्याचा डबा मी घेणार नाही. मात्र मास्तरीणबाईंचा रोमकरांचा चौदावा अध्याय मान्य. वहिनींना कुणी पुन्हा पायऱ्यांवर गाठलं तर मला सांगा, मी बोलतो त्यांच्याशी. न घेणाऱ्यातलाच कुणी बोलला तर ऐकतील.

शेळगीकर:
आभारी आहे दादा. तिला विचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली, "काकू बाळंतपणात माझ्या डोक्याला तेल लावायच्या, तेव्हा हे मंडळ कुठं होतं?" नाताळात करंज्या आणि केक त्यांच्याकडे गेले होते, त्यांनी ते देवापुढे ठेवूनच खाल्ले. त्याचं काय करायचं हे मी भगिनी मंडळाला विचारलेलं नाही.

पण आता नवीनच पुढे आलंय. काकूंचा सात वर्षांचा नातू नाताळच्या उपासनेला माझ्या मुलाबरोबर आला होता. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे उठले तसा तोही उठून रांगेत आला. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, भाकर दिली नाही. पोरगं घरी जाऊन सांगत होतं, मला प्रसाद मिळाला नाही. काकू काही बोलल्या नाहीत. मला मात्र तोंड वर काढवेना.

वसईचा_पेद्रू:
आमच्याकडेही दिलं नसतं. आमच्याकडे तर तुम्हा प्रोटेस्टंटांनाही दिलं नसतं. :)

नगरची_माहेरवाशीण:
सात वर्षांच्या पोराला?

सात_रस्ता:
ताई, करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल म्हणतो, स्वतःची परीक्षा करून मग खा. पोराला कसली परीक्षा येणार? डोक्यावर हात ठेवला हेच बरोबर. आमचीही पोरं दृढीकरण होईपर्यंत थांबतात.

मास्तरीणबाई:
त्याच अध्यायात त्याच्या वर वाचा. तिथे राग कशावर आहे? भरल्या घरचे आधी येऊन जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात यावर. परीक्षा म्हणतो ती त्यांनी करायची होती.

नास्तिक_नाना:
म्हणजे त्यांचं तुम्ही खायचं की नाही यावर इतके दिवस धागा चालला, आणि तुमचं त्यांनी खायचं की नाही हे कुणी विचारलंच नव्हतं.

सात_रस्ता:
नाना, त्यासाठी वेगळा धागा काढा. मास्तरीणबाई, तुम्ही अकरावा अध्याय पूर्ण लावून दाखवा, मी सोमवारी उत्तर देतो. उद्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाचा लिलाव आहे, कोंबड्या आणि कडबा माझ्याकडे आहे.